ब्रिटनमध्ये पहिलं व्हेप घेताना
सिगारेट सोडायची असेल तरच व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घ्या. ओढतच नसाल तर या फंदात पडूच नका. १ जून २०२५ पासून इथे वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद आहे, तेव्हा चार्ज होणारं साधं पॉड (लिक्विडची छोटी कुपी बसणारं लहान व्हेप) बघा. धुराचे लोट सोडणारी अवजड यंत्रं नवख्याच्या कामाची नाहीत. व्हेपमध्ये जे लिक्विड तापून वाफ होते, त्यात निकोटिन कायद्याने मिलीलिटरमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. दिवसाला पाकीट संपवणाऱ्याने उगाच ३ मिलिग्रॅमचं घेतलं तर तलफ भागत नाही, हात पुन्हा पाकिटाकडे जातो. झुरका सावकाश घ्या, नाहीतर ठसका लागतो. जळकट चव आली की कॉइल (लिक्विड तापवणारी तार) बदला. आणि सुट्टीत पुण्याला निघताना ते घरीच ठेवा: भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे.