टेपबरोबर रंगही निघाला? भौमितिक अमूर्त चित्र करताना या चुका टाळा

चार पट्ट्या, दोन त्रिकोण, एक वर्तुळ; यात चुकणार काय, असं वाटतं. निसर्गचित्रात झाड वाकडं आलं तर ‘झाड तसंच होतं’ म्हणून सुटता येतं. चौकोनाला ती सोय नाही.

पहिली चूक ब्रश हातात घेण्याआधीच होते. तयार मिळणारा स्वस्त कॅनव्हास बरेचदा काटकोनात नसतो. दोन्ही कर्ण मोजा. फरक निघाला तर कडेपासून मापं घेऊ नका. मध्य काढा आणि तिथून गुण्याने रेषा आखा. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, पट्टी दाबली की खाली बसतो आणि रेघ सरकते. मागच्या पाचरी ठोकून ताण घ्या, नाहीतर आखताना खाली पुस्तकं सरकवा. पेन्सिल हलक्या हाताने चालवा. काळी रेघ पिवळ्याचे तीन हात दिले तरी डोकावते.

आता टेप, म्हणजे कड सरळ यावी म्हणून लावायची मास्किंग टेप. निम्मी रडारड इथलीच. नखाने कितीही दाबली तरी विणीतल्या खाचांतून रंग टेपखाली शिरतोच. म्हणून टेप लावली की तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग फिरवा. पांढऱ्यावर निळा द्यायचा असेल तर आधी पांढरा. शिरायचं ते पांढरंच शिरतं, खाचा बुजतात. तो वाळला की निळा द्या. निळा ओलसर असतानाच टेप मागे दुमडून सावकाश सोला. पूर्ण वाळू दिलात तर रंगाची साय टेपबरोबर उचकटते.

एका जुलैत मी वरून कोरड्या लागणाऱ्या निळ्यावर दोन तासांत टेप चिकटवली. सोलली तेव्हा तळहाताएवढा पापुद्रा टेपला लोंबत होता आणि खाली पांढराफटक जेसो, म्हणजे कॅनव्हासला रंगाआधी दिलेलं अस्तर. फाटकी कड पॉलिश पेपरने घासून पातळ हात देत गेलो, तरी तिरप्या उजेडात तो खड्डा अजून दिसतो. दमट हवेत रंगावर टेप लावण्याआधी निदान रात्रभर थांबा. आणि टेप आधी एकदा पँटवर चिकटवून काढा, चिकटपणा उतरतो.

अ‍ॅक्रिलिक ओलं असताना फिकं दिसतं, कारण त्यातलं बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारं द्रव्य, दुधाळ असतं. वाळल्यावर ते पारदर्शक होतं आणि रंग गडद होतो. त्यामुळे अर्ध्यात संपलेली छटा पुन्हा जुळवणं महाकठीण. लागेल त्याच्या दीडपट घोटा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. कोणते रंग वापरले ते चित्रामागे लिहा. चित्रकार योसेफ आल्बर्स आपल्या चौकोनांच्या चित्रांमागे अशा नोंदी करत असे.

सगळं समान अंतरावर आणि नेमकं मध्यावर ठेवलं की चित्राची फरशी होते. थेट रंगवायला बसू नका, रंगीत कागद कापून हलवत राहा. डच चित्रकार मोंद्रियान न्यूयॉर्कमध्ये रंगीत टेपांचे तुकडे कॅनव्हासवर सरकवत रचना ठरवायचा. 1944 मध्ये तो गेला तेव्हा अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या चित्रावर ते तुकडे तसेच होते.

आणि कड कुठे जराशी फुटलीच, तर लगेच बारीक ब्रश घेऊन तुटून पडू नका. आधी सहा फूट मागे जा. अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेलाने 1959 च्या सुमारास काळ्या पट्ट्यांची चित्रं टेप न लावता, घर रंगवायच्या ब्रशने केली. त्या पट्ट्यांच्या कडा जवळून पाहिल्या तर थरथरलेल्याच आहेत.