लेखनाच्या तासाला माझा मुलगा गप्प का बसायचा

थोरला ७ वर्षांचा झाला तेव्हा मी त्याच्या लेखनाचं अख्ख्या वर्षाचं वेळापत्रक केलं. ५२ आठवडे, दर आठवड्याला एक विषय. सोमवारी शब्द, बुधवारी वाक्यं, शुक्रवारी त्याच विषयावर पाच ओळी. ते कपाटाच्या दारावर चिकटवलं तेव्हा आपण घरशिक्षणाला न्याय देतोय असं वाटलं होतं. सहाव्या आठवड्यात मी ते उतरवलं. तोवर मुलगा वही पाहिली की उठून दुसऱ्या खोलीत जायला लागला होता.

घरी शिकवायचं तुमचं ठरलेलं असेल, पद्धतीही वाचून झाल्या असतील. त्यामुळे माझा पाय अडकला तेवढ्याच जागेबद्दल सांगते. ती जागा पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण चालताना ती दिसतच नाही.

हा मुलगा रात्री अंथरुणात पडल्यावर मुंग्यांच्या वारुळाची गोष्ट सांगायचा. वीस-वीस मिनिटं. पाऊस यायचा, वाट बुजायची, मग एका म्हाताऱ्या मुंगीला आजीने दाखवलेला जुना बोगदा आठवायचा. तोच मुलगा शुक्रवारी वहीत लिहायचा, 'मुंगी काळी असते. ती लहान असते. मला ती आवडते.' मी म्हणायचे, 'अरे, रात्री किती छान सांगितलंस! तेच लिही की.' तो मान खाली घालून पेन्सिल सोलत बसायचा. मला वाटलं, कंटाळा करतोय.

एकदा न रागावता शेजारी बसले तेव्हा उलगडा झाला. त्याला 'वारूळ' लिहायचं होतं. पण र ला उकार खाली न जोडता पोटात जोडतात, तो पहिला की दुसरा हे त्याला आठवेना, म्हणून त्याने 'घर' लिहिलं. 'म्हातारी'तला म्ह जमत नव्हता, म्हणून ती मुंगी गोष्टीतूनच गेली. जे शब्द लिहिता येतात तेवढ्यांतच तो विचार करत होता, आणि ही सवय त्याला मी लावत होते.

सापळा तो हाच. आपण ज्याला 'लेखन' म्हणतो ती दोन वेगळी कामं आहेत. एक हाताचं: अक्षराचं वळण, शब्दांमधलं अंतर, ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं. दुसरं डोक्याचं: काय सांगायचं, आधी काय, नंतर काय, ऐकणाऱ्याला कळेल का. आपल्या हाताला पहिलं काम इतकं सवयीचं झालंय की ते काम आहे हेच आपण विसरतो. लहान मुलाचं सगळं लक्ष त्यातच खर्ची पडतं आणि रचनेसाठी काही उरत नाही. त्यातून आपली लिपी काही सोपी नाही. 'दिवस' म्हणताना कानाला आधी द ऐकू येतो, पण हाताला आधी वेलांटी काढावी लागते. पूर्ण र सोडला तर तो आणखी चार रूपांत भेटतो: सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर. 'वारूळ' दीर्घ, पण 'वारुळात' ऱ्हस्व. हे सगळं सांभाळत मुलाने गोष्टही रंगवावी, अशी माझी अपेक्षा होती.

म्हणून आखणी करताना 'लेखन' असा एक रकाना ठेवूच नका. दोन ठेवा, आणि ते दोन्ही एकाच वेळी एकाच कागदावर आणू नका. निदान सुरुवातीची तीन वर्षं तरी नाही.

हाताचा रकाना रोजचा, पण छोटा. १० मिनिटं पुष्कळ झाली. मूल रडेपर्यंत पान पुरं करून घ्यायचं नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कागदाची घाईही नको. वाळू, पाटी, उभा फळा, माती चालते. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं. तिथली मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत वळण शिकायची, कागदावर लिहिणं त्यानंतर यायचं. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घेण्यापेक्षा वळणाच्या क्रमाने घ्या: ग, म, भ, न एकत्र, र, स, ख एकत्र, व, ब, क एकत्र. ठिपके जोडून गिरवायची छापील पानं मला मुळीच पटत नाहीत. मूल ठिपके कुठूनही जोडतं, अक्षर सुरू कुठून करायचं ते शिकत नाही, आणि पान भरलं म्हणून आपण खूश. स्क्रीनवर बोटाने गिरवून घेणाऱ्या ॲपबद्दलही माझं हेच मत आहे.

डोक्याचा रकाना आठवड्यातून दोनदा. यात मूल सांगतं आणि तुम्ही लिहिता. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ सहाव्या वर्षापासून तोंडी पुनर्कथन, म्हणजे ऐकलेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगणं, घ्यायला सांगत, आणि लेखी पुनर्कथनाची वेळ साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास मानत. त्या चार वर्षांच्या अंतराकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केलं, कारण हातात दाखवायला भरलेली वही नसेल तर नातेवाइकांना काय सांगायचं, ही भीती होती.

मुलाचं लिहून घेताना त्याची भाषा सुधारू नका. हे कठोरपणे सांगते, कारण मी सुधारायचे. तो म्हणाला, 'मग ती मुंगी भुर्रकन आत,' आणि मी लिहिलं, 'मग ती मुंगी वेगाने आत गेली.' वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, 'हे मी नाही सांगितलं.' त्याचं बरोबर होतं. जसंच्या तसं लिहा, मग वाचून दाखवा. तो स्वतःच म्हणेल, 'इथे पाऊस आधी यायला हवा.' संपादनाचा पहिला धडा तोच. हे काम फोनच्या आवाज-टायपिंगवर सोपवू नका. तुमचा हात चालेपर्यंत मुलाला थांबावं लागतं, आणि थांबताना ते पुढचं वाक्य जुळवतं.

दोन्ही रकान्यांना जोडणारा दुवाही इथेच सापडतो. सांगितलेल्या गोष्टीतलं एक वाक्य दुसऱ्या दिवशी हाताच्या वेळेला उतरवायला द्या. स्वतःचं वाक्य मुलं जपून उतरवतात. श्रुतलेखन त्यानंतर, आणि तेही आधी उतारा नीट पाहू देऊन.

मार्गदर्शकांबद्दल थोडं. मी पैसे देऊन एका सल्लागाराकडून आराखडा घेतला होता. माझं मूल पेन्सिल कशी धरतं, हे त्या व्यक्तीने एकदाही विचारलं नाही. दुसरीकडे तीन मुलं घरी वाढवलेल्या एका ओळखीच्या ताईंनी फुकट सांगितलं होतं, 'अजून वर्षभर तूच लिही.' मला तो आळशीपणा वाटला. मुलांच्या बिघडलेल्या वह्याही उघडून दाखवतो, त्याच माणसाचा सल्ला मी आता ऐकते.

आणि एक गोष्ट टाळू नका. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं, रोजचा थोडा सराव आहे, तरी हात दुखतो, अक्षरं ओळीवर राहत नाहीत, बोलण्यात आणि लिहिण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तर त्याला आळशी म्हणू नका. डोळे तपासा, ऑक्युपेशनल थेरपिस्टला (लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवा. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली मुळातली अडचण, असेल तर जास्त पानं लिहून घेतल्याने तो जात नाही. माझी धाकटी डावखुरी आहे. तिचा कागद उजवीकडे कलता ठेवला आणि पेन्सिल जरा वर धरायला सांगितली, एवढ्यावर तिचं अडणं संपलं. सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही.

तुमच्याकडूनही माझ्यासारखं झालं असेल तर घाबरू नका, मुलं परत येतात. थोरल्याने तीन महिने वहीला हात लावला नाही. मग खेळाच्या खोक्यांवर चिठ्ठ्या हव्या होत्या, त्या त्याने स्वतःच लिहिल्या. नवव्या वर्षी आम्ही गोष्टीचं शेवटचं वाक्य त्याच्याकडे दिलं, बाकीचं मी लिहायचे. मग शेवटची दोन, मग अर्धं पान. गेल्या महिन्यात त्याने पूर्ण गोष्ट एकट्याने लिहिली. म्हातारी मुंगी परत आली होती, तीनदा, आणि तिन्ही वेळा 'मातारी'. मी त्या पानावर खूण केली नाही. सोमवारच्या दहा मिनिटांसाठी माझ्या वहीत चार शब्द टिपून ठेवले: आम्ही, तुम्ही, म्हणून, म्हैस.