फॉन्टची फाइल कुठवर जाते? लायसन्स वाचायची माझी पद्धत

पाच रंगांचे पाच सिलिंडर (पाउच छापायचे कोरीव रूळ, प्रत्येक रंगाला एक) तयार होऊन आले होते, पाउचचा पहिला रोल छापून झाला होता, आणि क्लायंटच्या वकिलांचा फोन आला. कांदा-लसूण मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवायचा होता. त्यांनी विचारलं, "ही अक्षरं कुणी काढली?" मी म्हटलं, फॉन्ट आहे. "मग त्याचं लायसन्स पाठवून द्या."

लायसन्स नव्हतं. तो फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर कुठून आला तेही आठवेना. कोल्हापुरात मी काम शिकले तेव्हा 'मराठी फॉन्ट ऑल' अशा नावाचं फोल्डर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पेनड्राइव्हवरून फिरायचं. नवीन मशीन आलं की पहिलं काम म्हणजे ते फोल्डर टाकणं. शोधत शोधत मूळ झिप फाइल सापडली. तिच्यातल्या रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, एकच ओळ होती: फक्त वैयक्तिक वापरासाठी. करणाऱ्याला मेल केला, उत्तर आलं नाही. शेवटी मी ते नाव कागदावर हाताने काढलं, स्कॅन केलं, कॉम्प्युटरवर पेन टूलने बांधलं. नाव पिवळं आणि कड लाल, म्हणून ते दोन सिलिंडर नव्याने करावे लागले. खर्च मी दिला, कारण तपासायचं काम माझं होतं.

त्यानंतर मी लायसन्स वाचायला लागले. सुरुवातीला सगळंच अवघड वाटलं, पण पुढे एक प्रश्न हाताशी आला आणि बरंच सोपं झालं. तोच आधी सांगते. आपण फॉन्ट विकत घेतो असं म्हणतो, पण घेतो ती एका ठरावीक वापराची परवानगी. म्हणून प्रत्येक कामाच्या आधी विचारायचं: माझ्या हातून पुढे काय जाणार आहे, अक्षरांचं नुसतं चित्र की फॉन्टची फाइल?

लग्नपत्रिका छापली, पुस्तक छापलं, चौकात फ्लेक्स लावला, तर लोकांपर्यंत पोचतं ते चित्र. फाइल माझ्याच मशीनवर राहते. अशा कामांना बहुतेक वेळा साधं डेस्कटॉप लायसन्स, म्हणजे आपल्या मशीनवर फॉन्ट टाकून काम करायची परवानगी, पुरतं. वेबसाइट, अ‍ॅप, ई-बुक, ज्यात नाव बदलून घेता येतं असं पत्रिकेचं टेम्प्लेट, यांत मात्र फॉन्टची फाइलच कामाबरोबर बाहेर पडते. तिथे डेस्कटॉप लायसन्स चालत नाही, वेगळं घ्यावं लागतं. डेस्कटॉप लायसन्स किती मशीनसाठी किंवा किती माणसांसाठी आहे, तो आकडाही बघा. ऑफिसात तिघं बसतात आणि लायसन्स एकाचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि ते चूक आहे.

आता सगळ्यात रोजचा प्रसंग. प्रेसवाला फोन करतो, "मॅडम, कोरलची ओपन फाइल टाका, सोबत फॉन्ट पण टाका." कोरल म्हणजे आपण डिझाइन करतो ते सॉफ्टवेअर, आणि ओपन फाइल म्हणजे त्यातली बदल करता येणारी फाइल. आपण दोन्ही टाकतो. तेवढ्यानेच फॉन्टची फाइल बाहेर गेली. काही कंपन्या प्रेसला तेवढ्या कामापुरती प्रत द्यायला परवानगी देतात, बऱ्याच देत नाहीत. यावर सोपा उपाय आहे: छपाईची पीडीएफ द्या. तिच्यात फॉन्टचा लागेल तेवढाच भाग बसतो. नाहीतर कोरलमध्ये कंट्रोल क्यू करून सगळं कर्व्ह करा आणि मग पाठवा. कर्व्ह केल्यावर ते अक्षर राहत नाही, आकार होतो. मात्र कर्व्ह न केलेली प्रत आपल्याकडे जपून ठेवा. पत्रिकेत आत्याचं नाव राहिलं असा फोन हमखास येतो.

पीडीएफमध्ये फॉन्ट बसवायला परवानगी आहे का, हे विंडोजवर बघायचं असेल तर फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. तिथे एम्बेडिंगची, म्हणजे फॉन्ट आत बसवण्याची, ओळ दिसते. 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर थांबा. 'प्रिव्ह्यू-प्रिंट' म्हणजे पाहण्या-छापण्यापुरती परवानगी, 'एडिटेबल' म्हणजे त्या दस्तऐवजात बदलही करता येतो. 'इन्स्टॉलेबल' दिसलं म्हणजे सगळं मोकळं, असं मात्र नाही. ही फाइलमधली एक खूण आहे. खरं काय ते लायसन्सच्या मजकुरातच असतं.

कॉम्प्युटरबरोबर आलेले फॉन्ट

मंगल सगळ्यांना माहीत आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा फॉन्ट विंडोजचा आहे. कोकिळा, अपराजिता, निर्मलाही तसेच. ते वापरून पत्रक छापून विकलं तर हरकत नाही, चित्रच तर जातं. पण होम किंवा स्टुडंट प्रकारातलं ऑफिस असेल तर त्याच्या अटी व्यवसायाच्या कामाला आड येऊ शकतात, तेवढं तपासा. आणि मंगलची फाइल उचलून क्लायंटच्या वेबसाइटवर चढवायची नाही. वेबसाइटच्या कोडमध्ये नुसतं 'मंगल' हे नाव लिहिणं वेगळं. तेव्हा वाचणाऱ्याच्या मशीनवर फॉन्ट असेल तर तिथलाच वापरला जातो, तुमच्याकडून काही जात नाही.

अडोबीच्या सबस्क्रिप्शनमधले फॉन्ट छपाईला, लोगोला, व्हिडिओला चालतात. पण इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधून पॅकेज केलं, म्हणजे कामाच्या सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये गोळा केल्या, की ते फॉन्ट त्या फोल्डरमध्ये येत नाहीत, कारण ते पुढे द्यायचेच नाहीत. वेबसाइटवर वापरायचे असतील तर क्लायंटचं स्वतःचं सबस्क्रिप्शन हवं. तुमच्या खात्यावरून जोडून दिले आणि उद्या तुम्ही खातं बंद केलं, तर त्याच्या साइटवरची अक्षरं बदलतील आणि त्याला कारणही कळणार नाही.

फुकट म्हणजे कोणतं फुकट?

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

फुकट मिळणाऱ्या फॉन्टचे तीन प्रकार माझ्या कामात येतात. पहिला वैयक्तिक वापरापुरता. मुलाच्या बारशाची पत्रिका स्वतः केली तर चालेल, त्याच फॉन्टमध्ये दुसऱ्याच्या बारशाची पत्रिका पैसे घेऊन केली तर नाही. माझा मसाल्याचा फॉन्ट यातला होता. दुसरा प्रकार व्यवसायालाही फुकट, पण फाइल वाटायची नाही आणि बदलायची नाही. इंग्रजी मजकुरासाठी बरेच जण फॉन्टशेअर या वेबसाइटवरून सातोशी नावाचा फॉन्ट घेतात, तो यातला. क्लायंटला फाइल देऊ नका, लिंक द्या, त्याचं त्याला उतरवून घेऊ दे.

तिसरा प्रकार ओएफएल, म्हणजे ओपन फॉन्ट लायसन्स. एसआयएल या संस्थेने ते तयार केलं, सध्याची १.१ आवृत्ती २००७ची आहे. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट याच लायसन्सखाली आहेत. मराठीत काम करणाऱ्याला हे वरदान आहे असं मी मनापासून म्हणते. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू आणि तो गुबगुबीत मोदक, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, टिरो टाइपवर्क्सचा टिरो देवनागरी मराठी, हे सगळे ओएफएलमध्ये आहेत. छापा, विका, लोगो करा, वेबसाइटवर चढवा, अ‍ॅपमध्ये घाला, फाइल मित्राला द्या, आतली अक्षरं बदला. तुम्ही केलेल्या पुस्तकाला किंवा पत्रकाला ओएफएल लागू होत नाही, ते तुमचंच राहतं.

अटी थोड्या आहेत, पण आहेत. नुसता फॉन्ट विकायचा नाही. फाइल पुढे देताना कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्यायचा. झिपमध्ये ओएफएल नावाची टेक्स्ट फाइल असते, ती उडवू नका. बदललेला फॉन्ट वाटायचा असेल तर तोही ओएफएलखालीच. आणि करणाऱ्याने नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते नाव द्यायचं नाही.

अक्षरं बदलण्याची मुभा आपल्याला किती मोलाची आहे, हे एका उदाहरणाने सांगते. एका प्रकाशकांना ल आणि श मराठी वळणाचेच हवे होते. हिंदी वळणाचा दंडाचा ल पाहिला की ते प्रूफवर लाल गोल करायचे, आणि मला ते पटायचं. त्यांनी निवडलेला विकतचा फॉन्ट उघडून ल बदलणं मला सहज जमलं असतं. पण लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलं होतं, फाइलमध्ये बदल करायचा नाही. मग आधी पाहिलं की फॉन्टमध्ये मराठी ल आधीच आहे का. पुष्कळ चांगल्या फॉन्टमध्ये तो असतो, फक्त मजकुराची भाषा हिंदी लागलेली असते. भाषा मराठी केली की ल आणि श आपोआप बदलतात. त्या फॉन्टमध्ये नव्हता. तेव्हा आम्ही सरळ टिरो देवनागरी मराठीवर गेलो. त्यात मराठी वळण मुळातच आहे, आणि उद्या एखादं जोडाक्षर खटकलंच तर उघडून दुरुस्त करायचा हक्कही आहे. दोन-तीन शब्दांचं शीर्षक असेल तर इतकंही करायला नको. कर्व्ह करून त्या आकारात बदल करायला पुष्कळ लायसन्स परवानगी देतात. फाइल तशीच राहते, चित्र बदलतं.

चित्रच जातं, तरी विचारावं लागतं

मी सांगितलेल्या प्रश्नाला काही अपवाद आहेत, आणि नेमके तेच महागात पडतात.

लोगो हा पहिला. काही कंपन्या डेस्कटॉप लायसन्समध्ये लोगो धरतात, काही त्यासाठी वेगळे पैसे घेतात. शब्द शोधायचा तो 'लोगो' किंवा 'ट्रेडमार्क'. लायसन्स मिळालं तरी अक्षरं फॉन्ट करणाऱ्याचीच राहतात. तेच अक्षर समोरच्या दुकानाच्या पाटीवरही येऊ शकतं. म्हणून नावाच्या कामाला मी आता क्लायंटला आधीच विचारते: हाताने काढून देऊ का? वेळ आणि पैसे जास्त लागतात, पण नाव त्याचं एकट्याचं होतं. अक्षरांचा हक्क त्याच्या नावावर करून देत असल्याचं मी लिहून देते.

दुसरा, विकायच्या वस्तू. टी-शर्ट, मग, कॅलेंडर यांना काही लायसन्स नगांची मर्यादा घालतात. आणि सुटी अक्षरं विकणं, म्हणजे दाराच्या पाटीसाठी अ‍ॅक्रिलिकची कापलेली अक्षरं, लहान मुलांचे मुळाक्षरांचे स्टिकर, रबरी शिक्क्यांचा संच, हे पुष्कळ ठिकाणी साफ नाकारलेलं असतं. कारण ग्राहक त्या अक्षरांनी स्वतः शब्द जुळवतो, म्हणजे त्याच्या हातात जवळजवळ फॉन्टच गेला. पाट्या करणाऱ्यांनी ओएफएल फॉन्ट घ्यावेत, हे मी सगळ्यांना सांगत असते.

व्हिडिओचं थोडक्यात: यूट्यूबला बहुधा डेस्कटॉप लायसन्स पुरतं, टीव्ही आणि सिनेमाच्या शीर्षकांना काही कंपन्या वेगळं लायसन्स मागतात.

फाइल बाहेर जाते तेव्हा

वेबसाइटचं लायसन्स बहुतेकदा महिन्याला किती पानं पाहिली जातात यावर असतं. ते क्लायंटच्या नावावर घ्या. साइट त्याची, वाचक त्याचे, उद्या आकडा वाढला तर वरचे पैसे त्यानेच भरायचे. अ‍ॅपमध्ये फॉन्ट अख्खा जातो, आणि अ‍ॅप उघडून तो बाहेर काढणं अवघड नाही. म्हणून अ‍ॅपचं लायसन्स महाग असतं आणि बऱ्याचदा एका अ‍ॅपपुरतंच. ई-बुकचं सहसा एका पुस्तकापुरतं. मराठी ई-बुकला मी विकतचा फॉन्ट घालतच नाही, मुक्ता किंवा टिरो घालते आणि मागच्या पानावर श्रेय देते.

जुन्या फॉन्टमधल्या पुस्तकांबद्दल प्रकाशक नेहमी विचारतात. युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर मजकूर सारखाच वाचता येईल अशा अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला तर फॉन्टचा हक्क मोडतो का? नाही. मजकूर लेखकाचा आहे, फॉन्ट फक्त कपडे. नवीन कपडे निवडताना मात्र त्यांचं लायसन्स बघा.

कोटेशनमध्ये मी आता फॉन्टची ओळ वेगळी लिहिते: फॉन्ट कोणता, लायसन्स कोणत्या प्रकारचं, कुणाच्या नावावर, किती रुपये. क्लायंट विचारतो हे कशाला, आणि मग पाच मिनिटं बोलणं होतं. ती पाच मिनिटं सिलिंडरच्या आधी झालेली बरी. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये 'लायसन्स' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात पावती, त्या दिवशीच्या लायसन्सची पीडीएफ आणि मूळ झिप. लायसन्सचा मजकूर कंपन्या बदलत राहतात, म्हणून घेतलेल्या दिवसाचाच जपायचा.

आणि वाचूनही कळलं नाही तर विचारायचं. फॉन्ट करणारी मंडळी मसाल्यावाल्यांइतकीच कष्टाची माणसं आहेत, एकेका फॉन्टवर काही वर्षं घालवतात, आणि आधी विचारणाऱ्याशी बहुतेक जण नीट बोलतात. मेल मी चार ओळींचाच लिहिते: "तुमचा अमुक फॉन्ट मसाल्याच्या पाउचवर नावासाठी वापरायचा आहे. नावाचा ट्रेडमार्क नोंदवणार आहोत. पाउच महाराष्ट्रात विकले जातील आणि तेच नाव वेबसाइटवर चित्र म्हणून दिसेल. यासाठी कोणतं लायसन्स घ्यावं लागेल आणि किती रुपये?" उत्तर आलं की त्याची पीडीएफ करून त्याच फोल्डरमध्ये, आणि मगच सिलिंडरची ऑर्डर.