गडचिरोलीतल्या भामरागडचा संगम बघायला जाताय?

चार वर्षं तिकडे मास्तरकी केली, म्हणून सांगतो. पावसाळ्यात जाऊ नका. भामरागडच्या तोंडाशीच पर्लकोटा नदीचा पूल लागतो. पूर आला की तो पाण्याखाली जातो आणि गावाचा संपर्क तुटतो. एकदा मी अलीकडे हेमलकशात अडकलो, पगारपत्रक पलीकडे!

मार्चअखेर जा. आलापल्लीहून पुढचा रस्ता जंगलातला, साधारण ६५ किलोमीटरचा, उजेडातच संपवा. पेट्रोल, रोख पैसे आलापल्लीतच घ्या.

संगमावर पर्लकोटा, पामुलगौतम आणि ओडिशातून आलेली इंद्रावती भेटतात. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. नकाशात राज्यं दोन, पण इथल्या माडिया आदिवासी माणसांचे सोयरे दोन्ही काठांना. डोंग्यात बसलात तर मधोमध बसा, फोटोसाठी उभं राहू नका; लाकडी डोंगा लगेच कलतो.

पहाटे उठलात तर मोहाखाली बायापोरं टोपल्या घेऊन दिसतील. फूल पिवळट, रसाळ, बोटाला चिकटणारं. पडलेलं दिसलं म्हणून उचलू नका, झाड कुणाच्यातरी वाटणीचं असतं. आधी 'जोहार' म्हणा, मग बोला. माडिया बोली येत नसली तरी एवढ्यानं चेहरा खुलतो. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

वाटेत उभे रोवलेले दगड दिसले तर त्यावर टेकू नका. ती मेलेल्या माणसांची स्मारकं आहेत. मी पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एकाला सायकल टेकवली होती. कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्यानं नुसती सायकल उचलून बाजूला ठेवली.

हेमलकशाला १९७३ पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प, म्हणजे आमट्यांचा आदिवासींसाठीचा दवाखाना आणि शाळा आहे, तिथे अर्धा दिवस ठेवा.