लिफ्ट केलेल्या पिकअपला टायर घालायला निघण्याआधी

साताऱ्यात, कराडला किंवा सांगली-मिरजेत टायरची दुकानं साधारण दोन जातींची: कारची आणि उसाच्या ट्रक-ट्रॉल्यांची. दोन इंच उचललेली पिकअप दोन्हींच्या मधे पडते, आणि घोडं अडतं ते टायरपाशी नाही, किरकोळ सामानापाशी. इथले आकडे टोयोटा हायलक्सचे धरलेत. गाडी दुसरी असेल तर आपले घाला.

माप आधी कागदावर काढा. कंपनीचा २६५/६० आर१८ टायर साधारण ७७५ मिमी व्यासाचा, तर नवा मोठा २८५/६५ आर१८ भरतो ८२८. गाडी आणखी २६ मिमी चढते आणि स्पीडोमीटरचा काटा तोच असताना खरा वेग पावणेसात टक्क्यांनी जास्त असतो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडे वाचूनच पैसे द्या. ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. टायर पाच घ्या, चार नव्हे. जुनी लहान स्टेपनी लावून फोर बाय फोर टाकलं की सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरवर, येतो. मोठा टायर हौद्याखालच्या स्टेपनीच्या जागेत मावतो का तेही घरीच बघा. स्टेपनी टांगायची तिथली साखळी चिखलाने जाम असते. आदल्या दिवशी उतरवून बघितली नाही तर दुकानात अर्धा तास तिच्यातच जातो.

दुकान फोनवर ठरवा. बॅलन्सिंग मशीनला मोठा कोन, म्हणजे रिम मधोमध धरणारा शंकू, आहे का, हे पहिलं विचारा. हायलक्सच्या रिमचं मधलं भोक १०६ मिमीचं आहे. कारच्या कोनावर रिम एका बाजूला बसते, मशीन शून्य दाखवतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग टायरला शिव्या बसतात. टॉर्क पाना, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, आहे का, हेही विचारा. गळीत हंगामात कारखान्याजवळची दुकानं टाळा, तिथे ट्रॉल्यांची रांग असते.

जॅक आणि घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आपल्याच न्या. चासीखाली जॅक लावला तर सस्पेन्शन लोंबतं आणि चाक जमिनीवरून सुटतच नाही. मागे अ‍ॅक्सलखाली, पुढे खालच्या आर्मखाली लावा. मधे जाड लाकडी ठोकळा ठेवा. विटा अजिबात नकोत.

सगळ्यात जास्त घोळ नटांचा होतो. टोयोटाच्या मूळ अलॉयचे नट सपाट वॉशरचे असतात, बाजारातल्या बहुतेक रिम्सना निमुळते लागतात. धागा एकच, १२ मिमी, १.५ पिच, त्यामुळे चुकीचा नटही घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि शे-दीडशे किलोमीटरवर ढिला पडतो. नवी रिम असेल तर चार चाकांचे २४ नट बरोबर हवेत, स्टेपनीसाठी सहा वेगळे. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा, बोल्टला ग्रीस लावू नका. नट हाताने धरवून, मग आडवे-तिडवे आवळा. शेवटचा आवळ मॅन्युअलच्या टॉर्कवर, एअर गनने नाही.

टायर चढवताना बीडला, म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला, साबणाचं पाणी किंवा पेस्ट लागते. कोरडी बीड ओढली की फाटते. बसवताना हवा ४० पीएसआयच्या वर नेऊ देऊ नका. बसली नाही तर हवा सोडून पुन्हा वंगण लावायचं. व्हॉल्व्ह प्रत्येक चाकाला नवा घ्या. त्याला लागणारे पैसे पंक्चरइतकेही नसतात.

हवा भरून झाल्यावर, दुकानाच्या आवारातच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. घासतं ते बहुधा उलट घेताना, मागे केबिनच्या माउंटपाशी किंवा चाकावरच्या प्लास्टिकच्या लायनरला. एक चाक फुटपाथवर चढवूनही बघा, सरळ जमिनीवर सगळंच ठीक दिसतं.

अलाइनमेंट वेगळ्या दिवशी ठेवा. लिफ्टनंतर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बिघडतो आणि बरेच जण फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) जुळवून मोकळे होतात. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट, ज्यांनी हे कोन जुळवतात, गंजून धरलेले असतील, तर आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि आधीची-नंतरची प्रिंट मागा. कॅम पूर्ण फिरवूनही कॅस्टर येत नसेल, तर वरचा आर्म बदलावा लागेल. मशीनवाल्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

आरसीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये. हे आधी डोक्यात असू द्या.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर थंड चाकावर नट पुन्हा टॉर्कला आवळा, यवतेश्वरच्या घाटात जाण्याआधी.