किंचित गोड वाईन: समजून घेताना आणि पिताना या चुका टाळा

द्राक्षाच्या रसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते, यालाच किण्वन म्हणतात. ही क्रिया शेवटपर्यंत गेली तर वाईन कोरडी, म्हणजे ड्राय होते. मध्येच थांबली, किंवा वाईन गार करून आणि यीस्ट गाळून ती मुद्दाम थांबवली, तर उरलेली साखर वाईनमध्ये राहते. युरोपीय नियमांप्रमाणे लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर असलेली साधी, म्हणजे न फेसाळणारी, वाईन ड्राय, 12 ग्रॅमपर्यंतची ऑफ-ड्राय, म्हणजे किंचित गोड, आणि 45 ग्रॅमपर्यंतची सेमी-स्वीट मानली जाते. आम्लता पुरेशी असेल तर पहिल्या दोन मर्यादा अनुक्रमे 9 आणि 18 ग्रॅमपर्यंत सैल होतात. नियम करणाऱ्यांनाही साखरेचा आकडा आम्लतेपासून वेगळा काढता आलेला नाही, आणि पिणाऱ्याने तो वेगळा काढला की या वाईनविषयीचे बहुतेक गैरसमज सुरू होतात. सोलापूरसारख्या उन्हाच्या आणि तिखटाच्या शहरात ऑफ-ड्राय वाईनइतकी जुळणारी दुसरी वाईन नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच या चुकांविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

गोड म्हणजे हलक्या प्रतीची, असे मानणे

आपल्याकडे अनेकांची वाईनशी पहिली ओळख पोर्टच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त, साखर घातलेल्या लाल वाईनने होते. पुढे चांगली ड्राय वाईन चाखल्यावर गोडव्याविषयी मनात जी अढी बसते, ती सगळ्याच गोड वाईनना लागू केली जाते, आणि हा अन्याय आहे. जर्मनीतील मोझेल नदीच्या उतारांवरची रीसलिंग किंवा फ्रान्समधील वूव्रे येथील डेमी-सेक, म्हणजे अर्धगोड, शेनिन ब्लाँ या त्याच नावांच्या द्राक्षांच्या पांढऱ्या वाईन. यांत साखर स्पष्ट असते, पण तिला पेलणारी आम्लताही तितकीच भक्कम असते. लिंबाच्या सरबतात साखर भरपूर असूनही ते पिऊन तरतरी येते आणि नुसत्या साखरेच्या पाण्याने जीव नकोसा होतो, तोच फरक येथे आहे. म्हणून वाईन गोड आहे की नाही, एवढेच विचारून थांबू नये. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटते की जिभेवर चिकट थर राहतो, हे पाहावे. पाणी सुटत असेल तर त्या गोडव्याला आधार आहे.

द्राक्ष गोड म्हणून वाईन गोड, हा समज

द्राक्ष बागायतदारांच्या या जिल्ह्यात हा समज विशेष घट्ट आहे. नान्नजला थॉमसन सीडलेसमधून निवडलेल्या सोनाकासारख्या वाणांनी सोलापूरचे नाव केले, पण ती खायची द्राक्षे. वाईनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात, आणि तोडणीच्या वेळी त्यांची साखर बहुधा खायच्या द्राक्षांपेक्षा जास्त भरते. खायचे द्राक्ष 16 ते 18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप, साधारण टक्क्यांत) काढले जाते, तर वाईनचे 21 ते 24 पर्यंत पिकू देतात. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्राटेली या वाईन कंपनीच्या बागा आहेत. तेथील पिकलेले द्राक्ष तोंडात टाकले तर ते चांगलेच गोड लागेल, तरी त्याची वाईन पूर्ण कोरडी होऊ शकते. गोडवा ठरतो तो वाइनमेकरने किण्वन कोठे थांबवले यावर.

यातूनच लेबल वाचण्याची एक उपयोगी रीत मिळते. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते. त्यामुळे साध्या, अल्कोहोल न मिसळलेल्या वाईनवर 8 किंवा 9 टक्के लिहिलेले असेल, तर बरीच साखर मागे उरली असण्याची शक्यता दाट असते. इटलीची मोस्काटो द'आस्ती 5 टक्क्यांच्या आसपास असते आणि ती उघडच गोड असते. साडेबारा-तेराच्या पुढची पांढरी वाईन बहुतेक वेळा कोरडी निघते. मधल्या पट्ट्यात मात्र ही रीत चालत नाही: भारतातील शेनिन ब्लाँ पुष्कळदा किंचित गोड ठेवली जाते आणि तिचे अल्कोहोल तरीही बारा टक्क्यांच्या जवळपास असते.

लेबलवरचे शब्दही फसवतात. फेसाळ वाईनमध्ये ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते, कारण ब्रूटची मर्यादा लिटरमागे 12 ग्रॅम आहे आणि एक्स्ट्रा ड्रायची 12 ते 17. फेसाळ ‘डेमी-सेक’मध्ये तर 32 ते 50 ग्रॅम साखर असते. जर्मन बाटलीवरचे ‘काबिनेट’ किंवा ‘श्पेटलेझे’ हे शब्द तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकले होते ते सांगतात. वाईन किती गोड आहे, हे त्यांवरून कळत नाही, आणि त्याच बाटलीवर ‘ट्रोकेन’ असेल तर ती कोरडी समजावी.

वासाला चव समजणे

पेरू, आंबा, लिची किंवा मधाचा वास आला की मेंदू गोडाची अपेक्षा धरतो आणि पूर्ण कोरडी वाईनसुद्धा गोड वाटू लागते. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. वास बंद झाल्यावरही जिभेला गोडी जाणवली, तर ती साखरेची आहे.

सोलापुरी उन्हात ‘खोलीच्या तापमानाला’ वाढणे

मे महिन्यात येथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि पंखा लावलेल्या खोलीतही वाईन पिण्याजोगी राहत नाही. कोमट झाली की आम्लतेची धार बोथट होते, अल्कोहोल नाकात शिरते आणि साखर एकटी पुढे येते. ‘ही वाईन फार गोड आहे’ या तक्रारींपैकी कितीतरी मुळात तापमानाच्या असतात. ऑफ-ड्राय पांढरी वाईन 8 ते 10 अंशांवर प्यावी. त्यासाठी बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवावी, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात वीस मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी लवकर गार करते, कारण ते काचेला सगळीकडून भिडते. ग्लासमध्ये बर्फ टाकू नये, कारण त्याने साखर आणि आम्ल दोन्ही पातळ होऊन तोल जातो. ग्लास थोडा थोडा भरावा आणि बाटली पुन्हा गार पाण्यात ठेवावी.

जेवणाशी चुकीची सांगड

सर्वांत जास्त आनंद येथेच हुकतो. तिखट जेवणाबरोबर भारी, टॅनिनयुक्त (द्राक्षाच्या साली-बियांतील तुरट द्रव्य असलेली) लाल वाईन उघडण्याची रीत पडली आहे, पण अल्कोहोल तिखटाची आग वाढवते आणि टॅनिनचा तुरटपणा तिखटासमोर खरखरीत होतो. थोडी साखर आणि कमी अल्कोहोल असलेली वाईन ती आग शमवते. कडक भाकरी, उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी आणि दही यांच्याबरोबर गार ऑफ-ड्राय शेनिन ब्लाँ घेऊन पाहावी: आम्लता शेंगदाण्याचे तेल कापते, मिठामुळे वाईनचा फळांचा स्वाद उठून येतो आणि साखर लसूण-मिरचीला सांभाळून घेते. थंडीतल्या हुरड्याला स्वतःचीच कोवळी गोडी असते, त्यामुळे पूर्ण कोरडी वाईन त्याच्यासमोर आंबट आणि रोडावलेली लागते. किंचित गोड मात्र बरोबर बसते. काळ्या मसाल्याच्या मटणापुढे नाजूक पांढरी वाईन टिकत नाही. तेथे ऑफ-ड्राय रोझे (गुलाबी वाईन), किंवा मिळाली तर इटलीची ‘अमाबिले’, म्हणजे बऱ्यापैकी गोड, प्रकारची, गार करून प्यायची फेसाळ लाल लांब्रुस्को अधिक शोभते.

उलट चूक गोड पदार्थांच्या बाबतीत होते. शेंगापोळी किंवा गव्हाची हुग्गी यांच्याबरोबर ऑफ-ड्राय वाईन दिली, तर गुळापुढे तिची सगळी गोडी नाहीशी होऊन केवळ आंबटपणा उरतो. वाईन पदार्थापेक्षा गोड असली पाहिजे, हा नियम येथे मोडू नये. ते शक्य नसेल तर ऑफ-ड्राय वाईन जेवणाबरोबर संपवावी आणि पोळी तिच्यावाचून, तूप लावून खावी.

बाटलीतल्या अडचणी

तळाशी किंवा बुचाला चकाकणारे खडे दिसले की साखर साचली किंवा काच पडली असे वाटते. ते बहुधा टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, गारव्याने तयार होतात आणि निरुपद्रवी असतात. वाईन हलक्या हाताने ओतली की ते तळाशीच राहतात. ताज्या वाईनमध्ये जिभेवर बारीक चुरचुर जाणवली, तरी घाबरू नये, तो विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. पण साधी वाईन गढूळ झाली असेल, पावासारखा वास येत असेल आणि बूच वर सरकले असेल, तर उरलेल्या साखरेवर यीस्टने पुन्हा काम सुरू केले आहे, आणि ती बाटली दुकानात परत न्यावी. बूच वर सरकले आहे पण वाईन स्वच्छ असून शिजवलेल्या फळाचा वास येतो, तर ती उन्हात तापलेली आहे. उन्हाळ्यात बाटली गाडीच्या डिकीत ठेवून गावभर फिरू नये, आणि घरी आणल्यावर ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी.

साखर आहे म्हणजे उघडलेली बाटली मुरंब्यासारखी टिकेल, ही अपेक्षा चुकीची आहे. एवढ्या साखरेने काहीच टिकत नाही. उरलेली वाईन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली, तर तीन ते पाच दिवस चांगली राहते.

मधुमेह असलेल्यांनी हिशेब करून पाहावा: लिटरमागे 30 ग्रॅम साखर असलेल्या वाईनच्या 150 मिलिलीटर ग्लासमध्ये साडेचार ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा साखर असते, आणि अल्कोहोलचा रक्तातील साखरेवर होणारा परिणाम त्याहून वेगळा. औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांनीही लक्षात ठेवावे की गोडव्यामुळे घोट पटापट घेतले जातात. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि प्रत्येक ग्लासनंतर तितकेच पाणी प्यावे.