उसाच्या ट्रॉलीचा ॲक्सल जोडताना या चुका टाळा

ट्रॉलीचा ॲक्सल भर हंगामात तुटला की पहिला ठपका वेल्डरवर येतो, आणि वेल्डर म्हणतो की माझा टाका तर अजून शाबूत आहे. पुष्कळदा त्याचे म्हणणे खरे निघते. तुटलेला भाग पुसून पाहिल्यास टाका जागच्या जागी असतो आणि त्याच्या कडेला लागून, दोन-चार मिलिमीटरवर, स्टबचे, म्हणजे ॲक्सलच्या टोकाच्या तुकड्याचे, लोखंड चिरलेले दिसते. याचा अर्थ दोष टाका मारण्याच्या हातात कमी आणि टाक्याच्या आधी व नंतर जे केले, किंवा केले नाही, त्यात अधिक आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर असल्यामुळे पावसाळा सरत आला की अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीपासून माढा, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या फॅब्रिकेशन शेडपर्यंत ट्रॉल्यांची कामे एकदम निघतात, आणि पुढे दिलेल्या बहुतेक चुका याच घाईत होतात.

लोखंड न ओळखता जोडणे

ट्रॉलीच्या ॲक्सलचा मधला भाग सहसा माइल्ड स्टीलच्या चौकोनी किंवा गोल पाइपाचा असतो, तर बेअरिंग ज्यावर बसते तो दोन्ही टोकांचा स्टब ईएन ८ किंवा ईएन १९ सारख्या कडक पोलादाचा असतो. या दोन्हींना एकच नियम लावणे ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. पोलाद वेल्डिंगला किती सोपे आहे हे ‘कार्बन इक्विव्हॅलंट’ या आकड्यावरून कळते. त्यासाठी कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम व मॉलिब्डेनमचा पाचवा भाग आणि निकेल व तांब्याचा पंधरावा भाग मिळवतात. पाइपाच्या माइल्ड स्टीलचा हा आकडा साधारण ०.४ च्या आत राहतो. ईएन ८ मध्ये कार्बन सुमारे ०.४० टक्के आणि मँगनीज ०.८० टक्के धरले, तर तो ०.५३ येतो, आणि ईएन १९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनममुळे ०.७५ च्याही पुढे जातो. आकडा जितका मोठा, तितकी टाक्याशेजारची तापलेली पट्टी थंड होताना पाणी दिलेल्या छिन्नीसारखी कडक आणि ठिसूळ होते. चीर तिथूनच सुरू होते.

भंगारातून आणलेल्या ट्रकच्या शाफ्टचे तुकडे स्टब म्हणून वापरले जातात, तेव्हा तर ग्रेडचा पत्ताच नसतो. अशा तुकड्याची आणि माइल्ड स्टीलच्या पट्टीची ग्राइंडरवर ठिणगी शेजारीशेजारी पाहावी. कार्बन जास्त असल्यास ठिणग्या दाट फुटतात आणि त्यांना अधिक फाटे असतात. ही चाचणी ग्रेड सांगत नाही, सावध तेवढे करते, आणि शंका असल्यास तो तुकडा स्टबसाठी घेऊच नये. किलोमागे थोडे रुपये वाचवून वीस टन उसाखाली अनोळखी लोखंड घालण्यात कसली काटकसर आहे, हे मला कधीच समजलेले नाही.

दमट रॉड आणि थंड लोखंड

सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो आणि ट्रॉल्यांची कामेही त्याच सुमारास जोरात असतात. उघड्या पुड्यातील ७०१८ हा लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड या हवेत ओल धरतो. आर्कमध्ये त्या ओलाव्याचा हायड्रोजन होतो, तो कडक झालेल्या पट्टीत शिरतो आणि टाका थंड झाल्यावर, कधी एक-दोन दिवसांनी, आतून चीर पाडतो. म्हणूनच सकाळी स्वच्छ दिसलेला जोड तिसऱ्या दिवशी तडकलेला आढळतो आणि ‘रात्रीत काय झाले’ हे कोणालाच उमगत नाही. लो-हायड्रोजन रॉड ३०० ते ३५० अंशांवर एक ते दोन तास भाजून घ्यावेत आणि त्यानंतर गरम पेटीतून लागतील तसेच काढावेत. नेमका आकडा रॉडच्या पुड्यावर छापलेला असतो. रॉड उन्हात पसरून ठेवणे किंवा मशीनच्या टपावर शेकणे म्हणजे भाजणे नव्हे.

याच कारणासाठी स्टब आधी तापवावा लागतो. जाड ईएन ८ साठी १५० ते २५० अंश आणि ईएन १९ साठी साधारण ३०० अंश ठेवावेत. तापमान हाताच्या अंदाजाने न ठरवता टेंपरेचर चॉकने (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने) किंवा इन्फ्रारेड मीटरने, जोडापासून चार-पाच सेंटिमीटर अंतरावर मोजावे, कारण ज्योतीखालचा पृष्ठभाग लाल दिसत असतानाही ६०-७० मिलिमीटर जाडीचा गाभा थंडच असू शकतो. काम मध्येच थांबवून जेवायला गेल्यास परतल्यावर पुन्हा तापवूनच पुढचा टाका मारावा. संपलेला जोड लगेच रंग लावता यावा म्हणून त्यावर पाणी ओतण्याची सवय काही शेडमध्ये अजून आहे. ती तापवण्याचे सगळे श्रम वाया घालवते. जोड कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावा, आणि डाय पेनेट्रंटची, म्हणजे चिरा दाखवणाऱ्या रंगद्रवाची, तपासणी ४८ तासांनी करावी, त्याच संध्याकाळी नव्हे.

वरून देखणा, आतून पोकळ

सीओटू वेल्डिंगमध्ये (सलग वायर आणि कार्बन डायऑक्साइड गॅस वापरून) टाका गुळगुळीत येतो, त्यामुळे फसगतही तिथेच अधिक होते. करंट कमी ठेवून जाड भागावर वायर चढवत गेल्यास धातू वरच्या वर पसरतो आणि मुळाशी दोन्ही भाग एकजीव होत नाहीत. स्टबचे टोक पाइपाच्या तोंडाशी नुसते टेकवून बाहेरून टाका फिरवण्याऐवजी, स्टबला पाइपात शिरणारी खुंटी लेथवर काढावी आणि जोडावर व्ही आकाराची खाच ठेवावी. खुंटी पाइपात ढिली बसत असेल, तर मुळाशी राहणारी फट पुढे चिरेचे उगमस्थान ठरते. सेटिंग ठरवताना त्याच मापाचा एक नमुना जोडून तो आडवा कापावा, कापलेला भाग बारीक पॉलिश पेपरने घासावा आणि स्पिरिटमध्ये मिसळलेल्या सौम्य नायट्रिक ॲसिडचा बोळा हातमोजे घालून त्यावर फिरवावा. काही सेकंदांत टाका, त्याभोवतीची तापलेली पट्टी आणि मूळ लोखंड वेगवेगळ्या छटांत दिसू लागतात, आणि मुळाशी राहिलेली काळी रेघ असेल तर ती कोणत्याही वादाशिवाय समोर येते.

टाक्यात बारीक छिद्रे येत असतील, तर गॅस सिलिंडरला दोष देण्याआधी पंख्याकडे पाहावे. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात वेल्डरच्या पाठीशी लावलेला पेडेस्टल पंखा मिनिटाला १२ ते १८ लिटरने येणारा गॅस सहज उडवून लावतो, आणि गॅस आणखी वाढवल्यास तो घुसळून उलट हवाच आत ओढतो. पाइपाची दोन्ही तोंडे बंद होणार असतील, तर हवा सुटण्यासाठी एक लहान भोक आधीच ठेवावे; नाहीतर तापलेली हवा शेवटचा टाका फोडून बाहेर येते.

टाका कोठे मारला

भार स्प्रिंगच्या पाट्यांवरून खाली येतो आणि चाके तो दोन्ही टोकांना उचलून धरतात, त्यामुळे ॲक्सलचा खालचा पृष्ठभाग सतत ताणला जातो. त्या पृष्ठभागावर आडवा टाका मारणे, ब्रेकच्या पाइपाची क्लिप जोडणे किंवा आर्क पेटतो का हे पाहण्यासाठी रॉड टेकवून पाहणे म्हणजे चिरेला जागा करून देणे होय. पाट्यांची बैठक बसवताना टाका लांबीच्या दिशेने, बाजूच्या पृष्ठभागांवर आणि चौकोनी पाइपाच्या कोपऱ्यांपासून दूर ठेवावा. तो बैठकीच्या अगदी टोकाला सुरू किंवा बंद करू नये, कारण सुरुवातीला मूळ कच्चे राहते आणि शेवटी खड्डा पडतो. टाक्याच्या कडेला खाच पडली असेल तर ती ग्राइंडरने लांबीच्या दिशेने घासून सपाट करावी. आडवे घासल्यास उरलेले ओरखडेच नव्या चिरा ठरतात.

दुरुस्तीच्या वेळी चाके काढलेली नसतील, तर अर्थिंगचा चिमटा विरुद्ध बाजूच्या हबला लावू नये. करंट बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक ठिपके भाजतात आणि काही आठवड्यांनी हब घरघरू लागते. तोपर्यंत वेल्डिंगचा संशय कोणालाच येत नाही. चिमटा टाक्याच्या शेजारी, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावरच असावा. एकाच बाजूने सलग टाका मारल्यास स्टब त्या बाजूला ओढला जातो. म्हणून ॲक्सल फिरवत समोरासमोर तुकड्यातुकड्याने टाके घ्यावेत आणि थंड झाल्यावर व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेजने तपासावे. टायर एका कडेने झिजतो किंवा एकच बेअरिंग वारंवार तापते, तेव्हा कारण अनेकदा याच वाकलेल्या स्टबमध्ये सापडते.

तापवून बसवलेले जोड

काही भाग वेल्डिंगशिवाय, भोक तापवून दांड्यावर बसवले जातात. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. म्हणजे ६० मिलिमीटरचे भोक २०० अंशांनी तापवल्यास ०.१४ मिलिमीटर मोठे होते आणि ०.०५ मिलिमीटर जादा ठेवलेला दांडा सहज आत जातो. येथे घोटाळा मापात होतो. लेथवरून नुकताच उतरवलेला दांडा सावलीतल्या भोकापेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर तो ०.०१८ मिलिमीटर मोठा भासतो आणि थंड झाल्यावर पकड ०.०५ ऐवजी ०.०३ च्या आसपासच उरते. सोलापूरच्या मे महिन्यात शेडचे पत्रे तापलेले असताना दोन्ही भाग रात्रभर एकत्र ठेवून सकाळी मोजणे हाच साधा उपाय आहे. असा बसलेला जोड सैल वाटला म्हणून कडेने टाका फिरवू नये. उष्णतेने उरलेली पकडही ढिली पडते.

घर्षण वेल्डिंग

मोठ्या कारखान्यांत स्टब आणि पाइप घर्षणाने जोडतात. एक भाग फिरवून दुसऱ्यावर दाबला जातो, तोंडे लाल होऊन मऊ पडतात, मग फिरणे थांबवून जोराने दाब दिला जातो. रॉड नाही, गॅस नाही. म्हणून येथे काही चुकत नाही असे मानणे बरोबर नाही. तोंडे काटकोनात कापलेली नसली, त्यांवर गंज किंवा कटिंग ऑइल राहिले, किंवा शेवटचा दाब उशिरा आला, तर बाहेर वळलेली कड एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ दिसते. तसा ॲक्सल घेऊ नये. ईएन ८ चा स्टब या पद्धतीतही कडक होतो आणि त्याला नंतर टेंपरिंग (पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करणे) द्यावे लागते, हे ऑर्डर देतानाच ठरवून घ्यावे.

तुटलेला भाग वाचणे

तुटलेले तोंड धुण्याआधी त्याचा फोटो काढावा. एका बिंदूपासून पसरत गेलेली गुळगुळीत वर्तुळे दिसली, तर चीर महिनोन्‌महिने वाढत होती. वर्तुळांचे मूळ जिथे, दोष तिथे. त्या भागात जुना गंज असेल, तर शेवटच्या खेपेतील जादा भार हे फक्त निमित्त होते. संपूर्ण तोंड दाणेदार आणि चकचकीत असेल, तर लोखंड ठिसूळ होते किंवा धक्का फार मोठा होता. चीर स्टबच्या खांद्यावर (जिथे त्याची जाडी बदलते), जोडापासून दूर असेल, तर वेल्डर निर्दोष आहे; लेथवर खांद्याला गोलाई न देता तीक्ष्ण कोपरा ठेवला गेला आहे.

चिरलेल्या जुन्या स्टबवर पुन्हा टाका चढवण्याऐवजी तो जोडासकट कापून नवा बसवावा. ट्रॅक्टरचा किंवा ट्रकचा हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) मात्र तुटल्यावर जोडूच नये. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम कडक केलेला असतो आणि तो पीळ सोसतो. वेल्डिंगने तो कडकपणा जातो आणि शेजारी ठिसूळ पट्टी तयार होते. नवा शाफ्ट येईपर्यंत गाडी उभी ठेवावी.